मागच्या बाकावरची हुल्दा

सान मार्सेलोत गुरुवारी चूल पेटते ती पाच्यांसाठी. बटाटे उकडून ठेचायचे, लाल मिरचीच्या रश्श्यात कालवायचे, मधे मांसाचा तुकडा ठेवायचा आणि पानात बांधून वाफवायचे. पाचे विकणाऱ्या बायका गावात पुष्कळ आहेत, पण हुल्दा कोयोयचे दिवेलागणीच्या आत संपतात. रविवारी देवळात तिला ओळख न दाखवणारी मंडळी गुरुवारी तिच्या दारात रांगेने उभी असतात. भूक लागली की आमच्या लोकांचं धर्मशास्त्र जरा सैल होतं.

देवळात हुल्दा मागच्या बाकावर बसायची, कारण ती शिस्तीखाली होती. कोणी पाप केलं की आमचे पंच त्याला मागे बसवतात. गायचं नाही, प्रभुभोजन घ्यायचं नाही, उभं राहून साक्ष द्यायची नाही. दारुडा असो की बायकोला मारणारा असो, दोन-चार महिन्यांनी तो मंडळीपुढे गुडघे टेकतो, चुकलं म्हणतो आणि पुढे येऊन बसतो. हुल्दाला पंधराव्या वर्षी मागे बसवलं. चाळिशी आली तरी ती तिथेच होती.

पाळक ओतोनिएल तेव्हा बाहेरगावाहून नवा आला होता. गायनाचा सराव संपला की सूर पक्का करून घ्यायच्या निमित्ताने तो हुल्दाला थांबवून घ्यायचा. देवळामागच्या खोलीत त्याने तिच्यावर जबरदस्ती केली, आणि एकदाच नव्हे. बोललीस तर देवाचं काम मोडेल, असंही वर सांगितलं. शेवटी तिने आईला सांगितलं आणि आई पंचांकडे गेली. पंचांनी लांबलचक प्रार्थना केली, डोळे पुसले आणि देवाच्या सेवकाला मोहात पाडल्याबद्दल पोरीलाच शिस्तीखाली घातलं. चोर सोडून संन्याशाला फाशी, दुसरं काय! चुकलं म्हणाली असती तर तीही कधीच पुढे आली असती. पण ‘मी त्याला मोहात पाडलं’ हे एक वाक्य तिच्या तोंडून कोणाला काढून घेता आलं नाही. ना आईला, ना पंचांना.

हुल्दा गायनपथकात खालचा सूर गायची. वरचा सूर म्हणजे गाण्याची चाल, ती कोणीही न्हाणीघरात गुणगुणू शकतं. खालच्या सुराला एकट्याने काही अर्थ नसतो. चुलीपुढे बसून तिने तो कितीदा म्हणून पाहिला, पण ऐकणाऱ्याला वाटावं, बाई कण्हते आहे. त्याला वरून दुसऱ्या बायकांचे आवाज लागतात, मग तो उभा राहतो. म्हणून ती दर रविवारी मागच्या बाकावर जाऊन बसायची. पुढे गाणं सुरू झालं की तिचा सूर मनातल्या मनात त्यात बरोबर बसायचा. ओठ हलवायचे नाहीत, एवढंच. दुसऱ्या देवळात जा, असं सांगणारे कमी नव्हते. तिला दुसरं देऊळ नको होतं. तिला त्याच बायकांमध्ये, त्याच जागी उभं राहायचं होतं, आणि ही ओढ इतक्या वर्षांत तसूभरही कमी झाली नव्हती.

मग एका रविवारी पंचांनी गायनपथकातल्या केइलाला हाताला धरून मागे आणलं आणि हुल्दाशेजारी बसवलं. पोरगी सोळा वर्षांची. सबंध उपासनाभर ती स्वतःच्या बुटांकडे बघत राहिली. काय झालं, हे हुल्दाने विचारलं नाही. तिने फक्त आपली शाल पोरीच्या गुडघ्यांवर घातली.

केइलाची आई मात्र पंचांपाशी थांबली नाही. तिने थेट शेला शहर गाठलं. तिथे अशा बायका-मुलींचे खटले फुकट चालवणाऱ्या वकिलांचं एक छोटं कार्यालय आहे. तक्रार झाली, इतक्या वर्षांनीही तिथेच पाळक असलेल्या ओतोनिएलला अटक झाली, तो जामिनावर सुटलाही. येसेनिया इश्कोत नावाची तरुण वकीलबाई एका गुरुवारी हुल्दाच्या दारात आली. आधी तिने दोन पाचे खाल्ले, मग बोलली.

“पोरीचं एकटीचं म्हणणं आहे, ताई. तो म्हणतो, पोरगी खोटारडी आहे. याआधीही कोणाशी असंच झालंय, हे कोर्टाला कळलं तर फरक पडेल.”

“माझी गोष्ट आता जुनी झाली.”

“तुमचा खटला नाही चालवायचा. तुमची साक्ष हवी आहे.”

साक्ष म्हटल्यावर हुल्दाला वाटलं, हे तर आपल्याला येतं. शिस्तीखाली जाण्याआधी पोरवयात तिने मंडळीत चांगल्या साक्षी दिल्या होत्या. पुढच्या खेपेला वकीलबाईंनी सराव घ्यायचा म्हटलं, तशी ती पदर सावरावा तशी शाल सावरून उभी राहिली आणि डोळे मिटून म्हणाली, “बंधूंनो आणि भगिनींनो, मी एक अभागी, पापी मुलगी होते.”

“थांबा, थांबा. हे काय?”

“साक्ष. अशीच सुरू करतात. आधी आपलं पाप, मग रडणं, आणि शेवटी देवाने सगळं कसं चांगलं केलं ते.”

येसेनियाने कपाळाला हात लावला. “अहो ताई, पंचांना इतकी वर्षं जे दिलं नाहीत, ते कोर्टात फुकट कशाला देता? ‘त्याने’ या शब्दाने सुरू करा. आणि शेवट गोड करायची गरज नाही. झाला नसेल तर झाला नाही म्हणा.”

शेवट गोड नसलेली साक्ष हुल्दाने जन्मात ऐकली नव्हती. कितीतरी वेळा तिची जीभ पापी मुलीवरच जाऊन अडखळली. पण हळूहळू ‘त्याने’ हा शब्द तोंडात बसला, आणि बसल्यावर तिला तो आवडू लागला.

तारखेच्या आठवड्यात पंच आबनेर आले. यांचं चपलांचं दुकान. माणूस तसा गोड, साखरेत घोळवल्याशिवाय कडू गोळी देणार नाही.

“कशी आहेस, बाळ?”

“बाळ चाळिशीचं झालं, आबनेरकाका. बसा.”

काका बसले. हवापाण्याचं झालं, बटाट्याच्या भावाचं झालं. मग म्हणाले, “तू मागे गेलीस तेव्हापासून खालचा सूर कोणाला पेलला नाही बघ. माझी सून गाते, पण कसं, मांजराच्या शेपटीवर पाय पडल्यासारखं.”

हुल्दा हसली. तिला हसायचं नव्हतं.

“पंचांनी ठरवलंय,” काका म्हणाले. “माफी नको, गुडघे टेकणं नको. येत्या रविवारी तू पुढे यायचं आणि आपल्या जागी उभं राहायचं. मी स्वतः तुझं नाव घेईन. भगिनी हुल्दा, म्हणून.”

खोटं कशाला सांगू, हुल्दा विरघळली. तिच्या मनात खालचा सूर सुरू झाला. एवढ्या वर्षांत कोणी तिला भगिनी म्हटलं नव्हतं, आणि हा माणूस ते सगळ्या मंडळीसमोर म्हणणार होता.

“आणि मी काय करायचं?” तिने विचारलं.

“काही नाही गं. शेल्याला जायचं नाही. तब्येत बरी नाही म्हणून कळव.”

“गेले तर?”

“मग नाव काढावं लागेल. मागचं बाकही राहणार नाही.” काकांनी उसासा टाकला. “मला बरं वाटेल का ते?”

हुल्दाने खांद्यावरची शाल गुडघ्यांवर ओढून घेतली. मग म्हणाली, “आणि केइला?”

“तिचं वेगळं आहे. ती बसेल मागे.”

“म्हणजे मी पुढे आले तर मागे कोणीतरी लागतंच तुम्हाला.”

आबनेरकाकांनी टोपी उचलली. जाताना पाचेही मागितले नाहीत. ते गेल्यावर हुल्दाने दाराला कडी घातली आणि पोटभर रडली. पोरीच्या कळवळ्याने रडली, असं म्हणायला छान वाटलं असतं. ती रडली गायनपथकातल्या त्या जागेसाठी.

शेल्याच्या कोर्टात दार बंद करून सुनावणी झाली. न्यायाधीश बाई होत्या. ओतोनिएल आता पिकला होता, कोटात अंग चोरून बसला होता. हुल्दाने ‘त्याने’ने सुरुवात केली आणि न थांबता सगळं सांगितलं. रडली नाही, शेवट गोड केला नाही.

मग त्याचा वकील उठला. चांगला शिकलेला, मऊ बोलणारा. “बाई, तुम्ही सांगता तसं झालं असेल, तर तुम्ही इतकी वर्षं दर रविवारी त्याच देवळात कशा जात राहिलात? त्याचंच प्रवचन ऐकत कशा बसलात?”

याची तयारी कोणी करून घेतली नव्हती. येसेनिया खुर्चीत पुढे सरकली.

“त्याचं ऐकायला नाही जात,” हुल्दा म्हणाली. “त्या भिंतींच्या विटा माझ्या आजोबांनी पाडल्या. माझ्या आईला तिथूनच पुरायला नेलं. हा बाहेरून आलेला माणूस, साहेब. जायचं होतं तर याने जायचं. मी वाट बघत होते.”

लेखनिकाने मान वर केली. “जरा मोठ्याने बोला, बाई. देऊळ कोणाचं म्हणालात?”

“माझं,” ती म्हणाली.

त्याने ते टाइप केलं. येत्या रविवारी आपलं नाव काढून टाकतील, हे हुल्दाला पक्कं ठाऊक होतं. आणि साक्षीच्या त्या खुर्चीत बसल्या-बसल्याही येत्या रविवारी तिला तिथेच जावंसं वाटत होतं.