शब्दाची मुदत

शेअर बाजारात त्यांना सगळे भोंगा म्हणत. स्क्रीन येण्याआधी सौदे गोल कठड्याच्या आत, आरडाओरडा करून होत, आणि त्या गलक्यातही यांचा आवाज पार दारापर्यंत पोहोचे. तळवा आपल्याकडे वळवला म्हणजे घेतो, समोर केला म्हणजे विकतो. भाव एकदा तोंडातून गेला की गेला. "आम्ही जिभेवर घर चालवलं," असं ते अजून सांगतात, कोणी विचारलं नाही तरी.

आता बायकोच्या डोळ्यांचं ऑपरेशन ठरलं होतं आणि त्यासाठी जुने शेअर विकायचे होते. सोमवारी त्यांनी सुनेच्या फोनवरून विक्रीची ऑर्डर टाकली, पाचशेच्या खाली द्यायचे नाहीत म्हणून. भाव चारशे नव्वदला अडला. भोंगा निवांत. बुधवारी भाव पाचशेच्या वर गेलेला त्यांनी टीव्हीवर स्वतः पाहिला आणि लगेच दवाखान्यात फोन करून तारीख पक्की केली.

गुरुवारी सुनेने पाहिलं तर शेअर जागच्या जागी. भाव मात्र चारशे सत्तर.

"बाबा, ती ऑर्डर एका दिवसाची असते. बाजार बंद झाला की आपोआप रद्द. रोज नव्याने टाकावी लागते."

"पण मी बोललो होतो ना."

"सोमवारी बोललात."

बोललेलं रात्रीत शिळं कसं होतं, ते त्यांना काही केल्या उमगेना. कठड्याच्या आत शब्द विसरणाऱ्याची कॉलर धरता यायची. इथे कोणाची धरायची?

सुनेने समजावलं. जास्त भाव देणारा पुढे, स्वस्त विकणारा पुढे, आणि भाव सारखाच असेल तर आधी आलेल्याचा नंबर. जोडी मशीन लावतं.

"समोरचा कोण, ते कळत नाही?"

"नाही."

"मग घासाघीस कोणाशी करायची?"

सुनेने फोनचा पडदा त्यांच्यापुढे धरला. बायकोचे डोळे थांबणार नव्हते, म्हणून त्यांनी चालू भावाला विकायला सांगितलं. सुनेने बटणावरून बोट उचलायच्या आत सौदा झाला. कोणी ओरडलं नाही. त्यांना लाज वाटली.

आतून बायको चाचपडत आली. "अहो, विकले ना नक्की? तुम्ही हो म्हणा, म्हणजे मी निर्धास्त."

लग्न झाल्यापासून ती त्यांच्या एका 'हो'वर निर्धास्त होत आली होती. भोंग्याने तोंड उघडलं, मिटलं, आणि सुनेकडे पाहिलं.

"हिला विचार," ते म्हणाले.