सबूरमामांनी जोडलेलं विद्यापीठ

आमच्या रस्त्यावर घड्याळं दुरुस्त करणारे एकच गृहस्थ होते आणि त्यांना सगळे सबूरमामा म्हणत. खरे मामा ते एकाच मुलीचे. पण ती लहानपणापासून शाळा सुटली की त्यांच्या दुकानाच्या पायरीवर बसून "मामा, मामा" करायची, त्यामुळे समोरच्या औषधवाल्यापासून पोस्टमनपर्यंत सगळ्यांचेच ते मामा झाले. 'सबूर' मात्र त्यांनी स्वतः कमावलेलं. घड्याळ कधी मिळेल असं कुणीही विचारलं, की डोळ्यावरचं भिंग न काढता ते म्हणत, "सबूर." एका गृहस्थांनी स्वतःच्या लग्नात मिळालेलं घड्याळ त्यांच्याकडे टाकलं होतं, ते मुलीच्या लग्नात त्यांच्या मनगटावर आलं. पण त्यानंतर ते कधी बंद पडलं नाही, हेही सांगायला हवं.

दुकान दीड माणूस मावेल एवढं. भिंतीवर अकरा घड्याळं, आणि अकरांचं आपसात अजिबात पटत नसे. किती वाजले विचारलं तर मामा मान बाहेर काढून औषधवाल्याच्या भिंतीवर बघत आणि सांगत.

त्यांची काम करायची एक रीत होती. घड्याळ आलं की ते पूर्ण सुटं करायचं. पांढऱ्या फडक्यावर छोट्या वाट्या मांडलेल्या असत. चाकं एका वाटीत, स्क्रू दुसरीत, काटे तिसरीत. बाहेरची केस टेबलाखालच्या पत्र्याच्या डब्यात, कारण मामांच्या मते केस म्हणजे नुसता कपडा. मग प्रत्येक वाटीतला चांगला भाग घ्यायचा, झिजलेला बाजूला टाकायचा. चार बंद घड्याळांतून एक असं चालतं करून द्यायचे की मूळ कारखान्यालाही जमलं नसतं. या रीतीवर त्यांनी तीस वर्षं भाकरी खाल्ली. आणि याच रीतीने त्यांनी भाचीसाठी विद्यापीठ निवडलं.

मोबाईल यायच्या आधीच्या दिवसांतली ही गोष्ट. भाची बारावी झाली आणि म्हणाली, मला रशियन आणि जपानी शिकायचंय. दोन्ही. एकाच पदवीला.

"कुणाशी बोलणारेस?" औषधवाल्याने विचारलं.

"आधी शिकते, मग माणसं शोधते," ती म्हणाली.

परदेशी भाषा शिकणाऱ्यांसाठी एक सरकारी शिष्यवृत्ती होती. ती मिळाली तर शिक्षण, नाही तर टायपिंगचा क्लास, इतकं घरात स्पष्ट होतं. मार्क तिला भरपूर होते. मेख एकच होती: अर्जावर विद्यापीठाच्या नावाला एकच चौकट. एकच नाव लिहायचं, नंतर बदल नाही. चार विद्यापीठांनी पोस्टाने आपापले प्रॉस्पेक्टस पाठवले. भाचीची आई, म्हणजे मामांची अक्का, रुग्णालयात नर्स. त्या महिन्यात तिला दुहेरी पाळी होती. तिने चारही पुस्तकं भावाच्या टेबलावर ठेवली.

"माझे डोळे मिटतायत रे. तू बारीक अक्षरातलं वाचणारा माणूस. बघ आणि चांगलं ते सांग."

मामांनी आयुष्यात बारीक अक्षरातलं जे वाचलं होतं ते घड्याळांच्या पाठीवरचे नंबर. पण अक्काने काही मागितलं हीच मोठी गोष्ट. त्यांनी दोन दिवस दुकानावर 'आज बंद' अशी पाटी लावली. रस्त्याला काही फरक जाणवला नाही.

तिसऱ्या दिवशी त्यांनी भाचीच्या हातात एक पुस्तक ठेवलं. "हे बघ. याच्यापुढे काही नाही."

खरंच काही नव्हतं. जपानी शिकवायला सहा शिक्षक, त्यातल्या चौघांचं बालपणच त्या भाषेत गेलेलं. रशियन नाटकं बसवणारं स्वतंत्र नाट्यगृह. तिसरं वर्ष पूर्ण परदेशात. नदीकाठी वसतिगृह, प्रत्येकीला स्वतंत्र खोली आणि खिडकीत टेबल. भाचीने ते आठ दिवस उशाशी ठेवलं. अक्का पाळीवरून आली की चपला काढता काढता विचारायची, "खोलीत ऊन येतं का गं?"

अर्जाचा शेवटचा दिवस शनिवार होता, वेळ संध्याकाळी पाचपर्यंत. शनिवारी दुपारी दोनला भाची अर्ज घेऊन दुकानात आली. बाकीचा सगळा अर्ज भरला होता. सुवाच्य अक्षर लागतं म्हणून चौकट मामांच्या चांगल्या पेनाने भरायची ठरली होती.

"हं मामा, सांग. नाव काय लिहू?"

"कुणाचं?"

"विद्यापीठाचं. पुस्तकावर मुखपृष्ठच नाहीये."

"मुखपृष्ठं डब्यात आहेत. चारही."

"चारही कशाला? याचं कुठलं?"

मामांनी भिंग काढलं. "याचं म्हणजे... हे चारांतलं आहे ना. शिक्षक एकाचे चांगले होते, ते घेतले. राहण्याची सोय दुसऱ्याची. चांगलं चांगलं निवडून जोडलं. पिना नवीन मारल्यात."

भाची एवढंच म्हणाली, "जोडलं?"

तिने पुस्तक उघडून मधल्या पिना पाहिल्या.

"मामा, विद्यापीठं आहेत ती! इथले शिक्षक उचलून तिथल्या नदीवर कसे नेऊन ठेवणार?"

"पण अक्का म्हणाली, चांगलं ते सांग..."

"चांगलं असलेलं सांग! नसलेलं नाही!"

 मामांनी वाट्या पुढे ओढल्या. उरलेली पानं गुंडाळून त्यांत नीट ठेवलेली होती. पण कुठलं पान कुणाचं, हे एकाही पानावर लिहिलेलं नव्हतं. चौघांनीही आत सगळीकडे 'आपले विद्यापीठ' असंच छापलं होतं. आपलं म्हणजे कुणाचं, ते फक्त मुखपृष्ठाला ठाऊक.

मुखपृष्ठांवर फोन नंबर होते. दोघं औषधवाल्याकडे धावली. शनिवार दुपार. पहिला नंबर वाजत राहिला. दुसरा वाजत राहिला. तिसरा वाजत असताना भाचीचे डोळे भरले आणि औषधवाल्याने न विचारता पाण्याचा पेला पुढे केला. चौथा कुणीतरी उचलला.

"बंद आहे. सोमवारी."

मामांनी फोन हिसकावला. "अहो, तुमच्याकडे नदी आहे का?"

"कोण बोलतंय?"

"नदी हो, नदी! वसतिगृहाजवळ!"

"मी पहारेकरी आहे. मागे पाण्याची टाकी आहे. फुटलीय का?"

"रशियन नाटकं होतात का?"

"होत असतील. आठनंतर आत कुणाला सोडत नाही मी." आणि फोन ठेवला.

अडीच वाजले. रस्ता ओलांडताना भाची हुंदके देत म्हणाली, "राहू दे. डोळे मिटून एक लिहू. नाहीतर काहीच लिहायला नको. आईला मी काय सांगू?" मामांना तिला 'सबूर' म्हणायची सवय होती. तो शब्द तोंडाशी आला आणि लाजून परत गेला.

ते खाली बसले. एक पान उचलून उजेडात धरलं, भिंग लावलं आणि बराच वेळ मजकूर न वाचता फक्त कडेकडे बघत राहिले.

"भोकं बघ," ते म्हणाले.

"कसली?"

"जुन्या पिनांची. मी काढल्या त्या. प्रत्येक छापखान्याचं यंत्र वेगळं, दोन पिनांमधलं अंतर वेगळं. मुखपृष्ठालाही तीच भोकं असणार. माप घेतो, तू लाव."

मग जे काम सुरू झालं तसं त्या दुकानात कधी झालं नव्हतं. मामा मोजपट्टीने अंतर सांगत आणि भाची पान त्या त्या मुखपृष्ठाखाली सारत होती. दोन पुस्तकांचं अंतर नेमकं सारखं निघालं. मामांनी घाम पुसला आणि मग कागदाची जाडी चिमटीत धरून वेगळी केली. एक गिऱ्हाईक डोकावलं. "माझं घड्याळ झालं का हो?" "आज मरायलाही वेळ नाही!" मामा ओरडले. गिऱ्हाईक चकित होऊन निघून गेलं. मामांना घाई झालेली त्याने प्रथमच पाहिली होती.

पावणेचारला चार पुस्तकं पुन्हा उभी राहिली आणि भाचीने वाचायला घेतली. नदीकाठचं वसतिगृह होतं तिथे जपानी नव्हतंच. सहा शिक्षकांचं जपानी जिथे होतं, तिथे रशियनचा वर्ग 'पुरेसे विद्यार्थी आल्यास' सुरू होणार होता, आणि शेजारीच तारीख होती, पाच वर्षांपूर्वीची; म्हणजे तो अजून सुरू झालाच नव्हता. नाट्यगृह तिसऱ्याचं, पण तिथेही जपानी नाही आणि परदेशातलं वर्षही नाही.

"म्हणजे एक भाषा सोडायची," ती म्हणाली. आवाज अगदी शांत होता. "कुठली सोडू, तू सांग."

मामांनी मोजपट्टी खाली ठेवली. तिचं आयुष्य एकदा सुटं करून झालं होतं.

"हे चौथं वाचलंस का?"

चौथं पुस्तक सगळ्यांत पातळ होतं. मामांनी जोडलेल्या विद्यापीठात त्यातलं एकही पान लागलं नव्हतं, कारण कुठल्याच वाटीत ते सरस ठरलं नव्हतं. फोटो एकच, तोही सायकली लावायच्या जागेचा. जपानीला दोन शिक्षक. रशियनला दोन. वसतिगृहात एका खोलीत तिघी. परदेशी सहा महिने, 'जागा असल्यास'. पहिल्या वर्षी रोज तीन तास तोंडी सराव, गैरहजर राहिल्यास कारण त्याच भाषेत सांगणे.

"दोन्ही आहेत," भाची म्हणाली.

"आहेत."

"पण किती रडकं आहे रे हे."

"हो," मामा म्हणाले. ते खोटं बोलू शकले असते, पण ती वेळ गेली होती.

ती त्या सायकलींच्या फोटोकडे बघत राहिली. मग तिने मामांच्या चांगल्या पेनाने चौकटीत नाव लिहिलं. 

साडेचार वाजून गेले होते. शिष्यवृत्तीची कचेरी वीस मिनिटांच्या अंतरावर होती आणि मामांच्या चालीने चाळीस. त्या दिवशी ते धावले. आधी त्यांची चप्पल निसटली, मग श्वास. कोपऱ्यावर थांबून ते हातानेच 'तू हो पुढे' म्हणाले आणि ती पळाली. मामा पोचले तेव्हा खिडकीतल्या बाई अर्ज उलटसुलट करून बघत होत्या.

"नाव नीट बघितलंयस ना? आता बदल होत नाही हं."

भाचीने मागे वळून पाहिलं. मामा दाराला धरून उभे होते, एक पाय अनवाणी. त्यांनी मान हलवली नाही. होही नाही, नाहीही नाही.

"बघितलंय," ती म्हणाली.

शिक्का पडला.

बाहेर पायऱ्यांवर दोघं बसली. रडून झालं होतं आणि हसू यायला अजून अवकाश होता. तिने ते पातळ पुस्तक उघडलं आणि पहिल्या पानापासून, एकही ओळ न गाळता, मोठ्याने वाचायला लागली. प्रवेशाचे नियम झाले. शिक्षकांची नावं झाली. नवव्या पानावर ती थांबली.

"दर सोमवारी सकाळी सातला परीक्षा."

"दर सोमवारी?"

"दर सोमवारी. मामा, मी काय करून बसले रे?"

"मला नाही माहीत गं," मामा म्हणाले. "पुढचं वाच."

तिने पान उलटलं.