बुडालेल्या गावाची यादी
उजनीचं पाणी ओसरून चिखलाचा वास सुटला की पळसदेवचे म्हातारे तात्या आठवतात. धरणात बुडालेल्या जुन्या गावातली घरं ते आळीवार सांगत होते आणि कॉलेजात नुकताच प्रोग्रॅमिंग शिकलेला मी ती स्वतःच्या प्रोग्रॅमने फाइलमध्ये उतरवत होतो. "लिव्हलं का रं, इंजिनियर?" ते मधूनच विचारायचे. शेवटी फाइल उघडली, तर आत एकच घर. माझा प्रोग्रॅम प्रत्येक नवी ओळ लिहिताना आधीचं सगळं पुसत होता. "मशीन बिघडलं, तात्या," मी खोटंच सांगितलं. "आसू दे, परत सांगतो की," म्हणत ते पुन्हा बसले, पण तिसऱ्या आळीत अडकले. "म्हातारा झालो बाबा, माझंच चुकलं." मी मान डोलावली. आज प्रोग्रॅमिंगवरच माझं घर चालतं. पण चूक माझी होती हे ऐकायला तात्या राहिले नाहीत.