काळा पडलेला टाक

गेल्या मंगळवारी दहावीच्या वर्गात मला रडू आलं... तेही इलेक्ट्रॉन शिकवताना!

मी आष्टीच्या एका शाळेत विज्ञान शिकवते. प्रयोगशाळेतली बॅटरी नेहमीसारखी रुसलेली, म्हणून बिनबॅटरीचा प्रयोग काढला. मुलांना म्हटलं, घरातली काळी पडलेली चांदी आणा... पण विचारून आणा.

पैंजण आले, जोडवी आली, कुणी करंडा आणला. अश्विनीने मात्र रुमालात गुंडाळून टाक आणला. चांदीच्या पातळ पत्र्यावर उठवलेली बाईची आकृती. पहिली बायको वारली की तिचा असा टाक देव्हाऱ्यात बसवतात आणि दुसरी त्याची पूजा करते, अशी आमच्याकडे रीत आहे. हा टाक अश्विनीच्या आईचा होता.

"बाकीचे देव चकचकीत, अन् माझ्या आईलाच मावशी घासत न्हाई," ती माझ्या कानात म्हणाली. सावत्र आईला ती मावशी म्हणते. पोरीच्या डोळ्यांत राग मावत नव्हता.

भांड्यात ॲल्युमिनियमची फॉइल अंथरली. वर गरम पाणी, मीठ, खायचा सोडा. मुलांना सांगत होते... हा काळेपणा म्हणजे मळ नव्हे, गंधकाने धरून ठेवलेली चांदीच आहे. घासली तर तीही जाते. इथे ॲल्युमिनियम स्वतः झिजतं, त्याचे इलेक्ट्रॉन चांदीला मिळतात, गंधक सुटतं आणि चांदी जागच्या जागी परत येते. खारट पाण्यातून आयन फिरतात, सर्किट पूर्ण होतं... झाली बॅटरी!

टाक पाण्यात सोडणार, तेवढ्यात दारात अश्विनीची मावशी! पोरीने प्रयोगाचं घरी सांगितलेलं, देव्हाऱ्यात टाक दिसला नाही म्हणून धावत आलेली. म्हटलं, आता माझी काही धडगत नाही.

"मॅडम, घासू नका बरं तिला! मी चिंचेनं घासत व्हते, तर ताईचं तोंडच झिजून राह्यलं व्हतं. मंग पोरीनं आई पाहायची कुठं? म्हून बिलकुल घासायचं सोडलं मी."

अश्विनीची मान खाली.

मी म्हटलं, घासायचं नाहीच आहे, तुम्हीच ठेवा पाण्यात. त्यांनी चपला काढल्या, हात जोडले आणि टाक हळूच फॉइलवर टेकवला. सडक्या अंड्याचा वास आला, मुलांनी नाकं दाबली... आणि काळं विरत गेलं. अर्धवट झिजलेलं नाक, डोळे, नऊवारीच्या निऱ्या... जेवढं उरलं होतं तेवढं सगळं दिसायला लागलं.

अश्विनीने टाक ओढणीने टिपला आणि मावशीच्या हातात दिला. "तूच बसव," एवढंच म्हणाली. मावशीने तिला जवळ ओढलं आणि माझे डोळे भरून आले.

खाली फॉइल काळपट पडली होती. ती मी फेकली नाही. दुसऱ्याची चांदी उजळताना झिजतं कोण, हे परीक्षेत विचारलं तर उत्तर ॲल्युमिनियमच आहे... पण मला आता आधी ती मावशीच आठवेल.