पाणी आलं

आमच्या इमारतीचा जिना मी दोन्ही हातांनी कठडा धरून, पाय फाकून, एकेक पायरी तपासत चढलो. पहिल्या मजल्यावर कोणीतरी दार उघडून माझ्याकडे पाहिलं आणि हळूच लावून घेतलं. मी प्यायलो नव्हतो. पाच महिने शिडाच्या नावेवर काढून आलो होतो आणि नालासोपाऱ्याची जमीन डुलत होती, त्याला मी काय करणार?

नाव मित्राची. तो कप्तान. मी शाळेत आयुष्यभर भूगोल शिकवला, फळ्यावर निळ्या खडूने अरबी समुद्र काढला आणि जवळच्या कळंबच्या किनाऱ्यावर कधी गुडघ्याच्या वर भिजलो नाही. निवृत्त झाल्यावर त्याने विचारलं, मी हो म्हणालो. दिवाळीनंतर मुंबईहून निघालो, किनाऱ्याने कोचीला, तिथून मालदीव, पुन्हा कोची. पावसाळ्यापुरती नाव तिथे ठेवून रेल्वेने घरी आलो तेव्हा माझ्या पिशवीत एक गुंडाळलेला नकाशा होता. येत्या दिवाळीनंतर सेशेल्स. कप्तानाला आठ दिवसांत उत्तर हवं होतं, आणि त्याआधी मला हिला विचारायचं होतं. पाच महिने घर एकटीवर टाकून आलेल्या माणसाने पुन्हा सहा महिने मागायचे, म्हणजे आधी जरा हवा तयार करायला हवी.

हिने दार उघडलं. डोळ्यांवर काळा चष्मा.

“मी नसताना बरीच फॅशन वाढली की,” मी म्हणालो.

“ऊन लागतं,” ही म्हणाली. घरात कसलं ऊन, हे भूगोलाच्या मास्तराला सुचलं नाही.

मी थेट मोरीत गेलो आणि नळ उघडला. गोडं पाणी. हातावर पडत होतं आणि संपत नव्हतं. नावेवर आम्ही खाऱ्या पाण्याने अंघोळ करायचो आणि शेवटी एक तांब्या गोडं पाणी, तेही कप्तानाचं लक्ष असायचं. मी नळाखाली हात धरून इतका वेळ उभा राहिलो की ही मागून म्हणाली, “अहो, टाकीतलं आहे ते. पुरवायचंय.” मी चोरासारखा नळ बंद केला.

संध्याकाळभर मी बढाया मारल्या. दहा मैलांवरचं जहाज मी कप्तानाच्या आधी कसं हेरायचो, नजर कशी तयार झाली, वगैरे. ही पलंगावर उताणी पडून ऐकत होती. मला वाटलं, तल्लीन झाली आहे.

एक फजितीही सांगितली. नावेवर पहारा बदलताना एक रीत असते. जाणारा सगळं सांगतो: दिशा, वारा, समोर काय दिसतंय. येणाऱ्याने ते शब्दन् शब्द परत म्हणायचं, मगच पहारा त्याचा. कारवारच्या पुढे एका सकाळी कप्तान म्हणाला, उजवीकडे जाळी आहेत. मी घरी म्हणतो तसं ‘हो हो’ म्हणालो. वीस मिनिटांत आम्ही जाळ्यात होतो आणि कप्तान सुरी घेऊन पाण्याखाली. तेव्हापासून मी परत म्हणायला शिकलो. ही एवढंच म्हणाली, “तिथे शिकलात होय.”

सेशेल्सचं उद्या विचारू, असं ठरवून मी झोपलो.

सकाळी साडेसहाला हाक आली, “अहो, पाणी आलं!”

नालासोपाऱ्यात या दोन शब्दांइतकी आनंदाची बातमी दुसरी नाही. नावेवर मात्र त्यांचा अर्थ एकच: तळात पाणी शिरलंय, उठा, नाहीतर बुडालो. लक्षद्वीपच्या अलीकडे एक पाइप निसटला तेव्हा कप्तानाने हेच शब्द उच्चारले होते आणि आम्ही तासभर बादल्यांनी पाणी उपसलं होतं. मी अर्धवट झोपेत उठलो, मोरीत पिंप काठोकाठ चढताना पाहिलं, बादली धरली आणि उपसायला लागलो. पाच बादल्या मी खिडकीतून बाहेर फेकल्या.

ही दारात उभी राहून आधी बघत राहिली, मग हसायला लागली. हसता हसता तिने उजवा डोळा हाताने झाकला.

तेवढ्यात खालच्या मजल्यावरच्या वहिनी आल्या, दार उघडंच होतं. पिंप बघितलं, मला बघितलं.

“काकू, मी आज उशिरा आले, म्हटलं काका भरत असतील. काका तर ओतून देतायत.” मग दरडावून म्हणाल्या, “आणि डोळा दाबू नका. ऑपरेशनला अजून तीन आठवडे नाही झाले.”

मी बादली खाली ठेवली.

मोतीबिंदू. वहिनीच रिक्षाने घेऊन गेल्या होत्या. वजन उचलायचं नाही, म्हणून रोज सकाळी येऊन आमचं पाणीही त्याच भरायच्या. मला कळवलं असतं तर मी अर्ध्यातून परतलो असतो, म्हणून हिने कळवलं नाही. नावेवरच्या उपग्रहाच्या यंत्रावर तिचा रोज एकच निरोप यायचा: ‘सगळं ठीक. पाणी वेळेवर येतंय.’ ऑपरेशनच्या दिवशीही तोच. त्या दिवशी मी तिला उडणाऱ्या माशांबद्दल भरभरून लिहिलं होतं. तिने ते एका डोळ्याने वाचलं होतं.

मी अथांग पाणी पाहून आलो होतो. चारी बाजूंना क्षितिज, एवढं मोठं काही नसतं असं वाटलं होतं. तीन खोल्यांच्या त्या घरात, ओल्या फरशीवर उभा राहून, मला माझं वाटणं फार छोटं दिसलं.

“पहारा सोपव मला,” मी म्हणालो.

ही हसली नाही. एकेक सांगू लागली. आधी प्यायचं, स्टीलच्या टाकीत. मग पिंप. वरचा नळ शेवटी, तो गळतो. डोळ्यात थेंब दिवसातून चारदा, दुपारचा ती विसरते. मी प्रत्येक गोष्ट परत म्हणत होतो.

“आणि दुसरा डोळा दिवाळीनंतर.”

माझी जीभ जरा अडखळली. “दुसरा डोळा दिवाळीनंतर,” मी म्हणालो.

“त्या नकाशाचं काय विचारायचं होतं?” तिने विचारलं. पिशवीतून तो चार बोटं बाहेर डोकावत होता, आणि तिचा एक डोळा आता नवा होता.

“काही नाही. पाणी जाईल, भरतो.”

दुपारचा थेंब घालून मी कप्तानाला फोन केला आणि सगळं सांगितलं.

“हो हो, कळलं,” तो म्हणाला.

“असं नाही,” मी म्हणालो. “परत म्हण.”

तो पहाऱ्यावरच्या आवाजात, स्वच्छ म्हणाला, “दुसरा डोळा. दिवाळीनंतर.”