उजव्या बाजूची उडी

नियमात जे लिहिलेले नाही, ते उमेदवाराकडून मागता येत नाही, असे माझे मत तेव्हा होते आणि आजही आहे. या मतापायी मी आयुष्यभर अनेक कचेऱ्यांशी भांडलो. परंतु सत्तरच्या दशकातल्या ज्या प्रकरणात मी पहिल्यांदा लेखी भांडलो, त्याची आठवण आली की राग मागे पडतो आणि दोन माणसांचे उपकार आठवतात. त्यांतले एक तर ज्यांच्याविरुद्ध मी तक्रार केली ते परीक्षकच होते.

मी टेंभुर्णीच्या शाळेत व्यायामशिक्षक होतो, तात्पुरत्या नेमणुकीवर. जालना तेव्हा जिल्हा झालेला नव्हता. एके दिवशी परिपत्रक आले की, मल्लखांब प्रशिक्षकाची मान्यताप्राप्त परीक्षा उत्तीर्ण झालेल्यालाच कायम करावे आणि इतरांना पुढील वर्षी नेमू नये. त्या परीक्षेला बसण्याआधी जालन्याला पात्रता चाचणी द्यायची होती. चाचणीत पात्र ठरलो नाही तर परीक्षा नाही, आणि परीक्षा नाही तर नोकरी नाही. माझे लग्न होऊन जेमतेम वर्ष झाले होते.

मल्लखांब मी शिकलो तो गावातल्या लाकडाच्या वखारीत. वखारीच्या मालकांना आम्ही उस्ताद म्हणत असू. ते घरी उर्दू बोलत, गिऱ्हाइकाशी मराठी, आणि चुकलेल्या शिष्याशी दोन्ही. वखारीच्या मधल्या जागेत गाड्या वळत आणि ओंडके उतरत, म्हणून सागाचा खांब आतल्या कोपऱ्यात पुरलेला होता. त्याची उजवी बाजू भिंतीला इतकी लागून होती की, त्या बाजूने माणूस उभाच राहू शकत नसे. साहजिकच गावातली सगळी तालीम डाव्या बाजूने उडी मारायला शिकली. यात काही उणे आहे असे कोणाच्या मनातही आले नाही. घराला जसे एकच दार, तशी खांबाला एकच बाजू, असे आम्ही धरून चाललो होतो.

जालन्याच्या मैदानात मात्र खांब मधोमध, चारी बाजूंनी मोकळा उभा होता. मी सलामी दिली, साधी उडी मारली, उलटे होऊन मांड्यांनी खांब पकडण्याचा दसरंग केला. काही चुकले नाही. परीक्षक शांतपणे म्हणाले, "छान. आता हेच उजव्या बाजूने."

मी त्या बाजूला जाऊन उभा राहिलो आणि आधी कोणता हात घालायचा तेच मला कळेना. पहिल्या खेपेला मी घसरून मातीत बसलो. दुसऱ्या खेपेला दोन्ही हातांनी खांब कवटाळून नुसताच लोंबकळलो. भोकरदनहून आलेला एक उमेदवार मागून म्हणाला, "मास्तर, भेट घेऊन राह्यले का खांबाची?"

मी हात पुसून परीक्षकांसमोर गेलो. "नियमावलीत बाजूचा उल्लेख नाही," मी म्हणालो.

"नाही," ते म्हणाले.

"मग ती मागता येणार नाही."

"तुम्ही स्वतःपुरती उडी मारायला आलेला नाहीत. दुसऱ्यांना शिकवण्याची परवानगी मागायला आला आहात. ज्याचा हात तुमच्या उलट चालतो, त्या मुलाला नियमावली वाचून दाखवाल का?"

"मी लेखी तक्रार करणार आहे."

"जरूर करा. पण तुम्ही उमेदवार आहात. तक्रार योग्य मार्गाने, म्हणजे माझ्यामार्फतच जावी लागेल."

मी तिथेच बाकावर बसून चार पाने लिहिली. स्वतःविरुद्धची ती तक्रार परीक्षकांनी पहिल्यापासून शेवटपर्यंत वाचली. "इथे 'मनमानी' लिहिले आहे. 'नियमबाह्य' लिहा, वर जास्त टिकेल," असे सुचवले आणि खाली स्वतःच्या हाताने शेरा मारला: उमेदवाराचा मुद्दा विचारार्ह आहे, निर्णय होईपर्यंत महिनाअखेरीस पुन्हा चाचणी घेण्यास हरकत नाही. 'अपात्र' एवढा एकच शब्द लिहून ते मोकळे होऊ शकले असते. त्यांना कोणी जाब विचारला नसता.

गावी आलो तो धुमसतच. उस्ताद एका ओंडक्याचे माप घेत होते. त्यांनी सगळे ऐकून घेतले.

"अर्ज दिला?"

"दिला. चार पानी."

"बराबर केलं. मंग तो अर्ज उजवीकडून उडी मारनार का?"

ते कोपऱ्यात गेले आणि खांब व भिंत यांच्यामधल्या फटीत हात घालून पाहू लागले. "अब्बांनी जागा वाचवायला इथं लावला," ते म्हणाले. "आपन समजलो, हीच पद्धत." मग त्यांनी पहार मागवली.

तालमीतला सगळ्यांत जुना शिष्य गवंडीकाम करी. तो म्हणाला, "उस्ताद, खांब एकदा पुरला की हलवत न्हाईत."

"अन् मास्तरची नोकरी हलून राह्यली, ते चालतं?"

नारळ फुटला, लोबान जळाला, आणि गवंड्यानेच सर्वांआधी पहार हाती घेतली. खांब वखारीच्या मधोमध पुन्हा पुरला गेला. त्या दिवसापासून गाड्या आत वळेनात आणि ओंडके रस्त्यावर उतरू लागले. एका जुन्या गिऱ्हाइकाने वैतागून विचारले, "हे दुकान हाय का आखाडा?"

"दोन्ही. तुमाला काय पाह्यजे ते सांगा," उस्ताद म्हणाले.

उजवी बाजू त्यांनाही येत नव्हती. साठीच्या त्या माणसाने माझ्याआधी स्वतः उडी मारून पाहिली, ते पडले, आणि बसल्या जागी हसत राहिले. मग आम्ही दोघांनी मिळून ती उडी तुकड्यातुकड्यांनी शोधून काढली: आधी कोणता हात, मान कुठे, मांडी खांबाला कधी लागते. घरी पत्नीने फर्मान काढले की, घागर मी नेहमीच्या उलट खांद्यावरच आणायची. शेजाऱ्यांना बरेच दिवस हसायला कारण मिळाले.

महिनाअखेरीस मी पुन्हा त्या मैदानात उभा राहिलो. उजवीकडून उडी लागली, पण दसरंगात पाय घसरला आणि मी मध्येच थांबलो. नोकरी गेली, असे मला त्या क्षणी वाटले.

परीक्षकांनी विचारले, "कुठे चुकले?"

"मांडी उशिरा लागली. हात सुटण्याआधी लागायला हवी होती."

"हे मुलाला कसे सांगाल?"

मी सांगू लागलो आणि सांगतच गेलो, कारण त्या बाजूची प्रत्येक हालचाल आम्ही जाणतेपणी बसवली होती. डावी उडी मला लहानपणापासून येत होती, परंतु ती कशी येते हे त्या महिन्यापर्यंत मला कोणी विचारले असते तर सांगता आले नसते. परीक्षकांनी आता दोन्ही बाजू तोंडी समजावून घेतल्या आणि माझ्या नावापुढे 'पात्र' लिहिले.

"तुमची तक्रार वर गेली आहे. ती मागे घ्यायची आहे का?" त्यांनी विचारले.

"नाही," मी म्हणालो. त्यांनी मान डोलावली. पुढे सुधारून आलेल्या नियमावलीत 'दोन्ही बाजूंनी' असे शब्द घातलेले होते. माझ्या तक्रारीला त्यांनी स्वतःची शिफारस जोडली होती, हे मला नंतर कळले.

उन्हाळ्यात परीक्षा झाली आणि मी उत्तीर्ण झालो. कायम नेमणुकीचा आदेश हाती पडताच तो घेऊन थेट वखारीत गेलो. उस्तादांनी करवत थांबवायला सांगितली आणि आदेश मोठ्याने वाचून घेतला. मग सगळ्यांसाठी चहा मागवला; रस्त्यावर ओंडके घेऊन ताटकळलेल्या गाडीवानांनाही त्यांनी आत बोलावले. आपल्याला चहा कशाबद्दल मिळतो आहे, हे त्यांना कोणी सांगितले नाही, आणि त्यांनीही विचारले नाही.