संगाप्पामामाची एकच अट

"तुझे मामा गेले रे. ये, पण जेवून निघ." उदगीरहून नीलामामीचा फोन आला तेव्हा मी नांदेडला ऑफिसात होतो. रडू यायच्या आधी मला हसूच आलं. अशा वेळीही मामीला माझ्या पोटाची काळजी... महिना होऊन गेला, पण संगाप्पामामा आठवतो तो असा हसवतच.

माझं आजोळ किराणा दुकानदारांचं. थोरला मुलगा, म्हणजे मामा, गादीवर बसायचं सोडून बँडमध्ये क्लॅरिओनेट फुंकतो म्हणून आजोबा वर्षभर त्याच्याशी बोलले नाहीत. त्यात एका सरकारी कलापथकाने त्याला थेट रशियाला नेलं. मामा वरातीतला वादक. समोर लोक नाचले पाहिजेत. वाटेत मौतीचं घर लागलं तरच बँड गप्प होतो, एवढंच त्याला ठाऊक. तिथे सभागृहात काळोख आणि माणसं चिडीचूप. "मला वाटलं, आत कुनीतरी गेलंय. म्हून थांबलो," तो सांगायचा. अर्ध्यातच वाद्य काखेत मारून हा विंगेत! पथकप्रमुखाने उरलेल्या दौऱ्यात त्याच्या हाती झांजा दिल्या आणि परत आल्यावर त्याचं नावच कापलं.

पाठोपाठ दुष्काळ पडला. लग्नं बिनबँडची होऊ लागली. मामा-मामी खडी फोडायला जायचे. दुकानात परत ये, असा आजोबांचा निरोप आला, तरी मामा गेला नाही. अर्धवट सुटलेलं ते वाजवणं एकदा परक्या लोकांसमोर पुरं करायचं, हे त्याच्या डोक्यात पक्कं बसलं होतं. जेवणाच्या सुटीत तो वाजवायचा, मामी समोर बसून भाकरी खायची.

पुढे लातूर जिल्हा झाला, तेव्हा एका कार्यक्रमात मामाला उभं केलं. समोर पुढारी आणि साहेब, त्यामुळे सगळे अवघडून गप्प. मामाचा सूर डगमगला. आता हा पळतो, असं मला वाटलं. माझ्या शेजारी बसलेली मामी सरळ उठून उभी राहिली आणि सगळ्यांदेखत तिने हाताने खूण केली, वाजवा. तिच्याकडे बघत मामाने शेवटपर्यंत वाजवलं. मला आजही त्या मामीचा अभिमान वाटतो.

तिथल्याच एका पाहुण्याने त्याला पुन्हा परदेशी नेलं. मग फ्रान्स झालं, जपान झालं. एका दौऱ्यात आयोजकच गायब झाला, तर पठ्ठ्याने तिथल्या एका गुजराती लग्नात वाजवून परतीचं तिकीट काढलं. एकदा पावसामुळे तीनच श्रोते आले. मामा खूश, तिघंही दिसत होते! त्याची अट एकच, पहिल्या रांगेतल्या एका माणसावर दिवा ठेवा. मामी सोबत नसेल तर कुणीही चालायचं. जपानात म्हणे झाडू मारणाऱ्या एका आजीबाई बसल्या होत्या, आणि मामाने श्वास घेतला की त्या वाकून नमस्कार करायच्या.

गेल्या रविवारी उदगीरला गेलो. सकाळचे दहा, मामाच्या रियाजाची वेळ. आतल्या खोलीत त्याच्या रिकाम्या स्टुलासमोर मामी तूरडाळ निवडत बसली होती. म्हटलं, "मामी, बाहेर बस की, उजेड हाय."

तिने मान हलवली. "मी उठून गेले की थांबतेत ते."